'पार्टनर घ्या!' म्हटल्यावर

इंटरकॉलेजचं सिलेक्शन आठवड्यावर आलंय. वॉर्मअप संपतो, सर ओरडतात, 'पार्टनर घ्या!' आणि सगळ्यांच्या नजरा भिरभिरायला लागतात. आपल्या वजनाचा, पण ताकदीला जरा कमी, फार न अडवणारा असा कुणी सापडतोय का? दोन आठवड्यांपूर्वी आलेली एफवायची मुलगी कोपऱ्यात बेल्ट सोडते, परत बांधते. तो नीटच बांधलेला असतो. ज्युदो, कराटे, तायक्वांदो यांपैकी काहीही करत असाल तर हे तुम्ही पाहिलंय. कदाचित त्या कोपऱ्यात कधीतरी उभेही राहिला असाल.

आपण म्हणतो, हा वैयक्तिक खेळ. मॅटवर एकटंच उतरायचं, मेडलही एकट्याच्याच गळ्यात. खरंय. पण थ्रोचा सराव महिनाभर एकट्याने करून बघा! आपली कॉलर आणि बाही रोज तुमच्या हातात देणारा, तुम्ही आपटणार हे माहीत असूनही उठून पुन्हा समोर येणारा कुणीतरी लागतोच.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान सुरू केलं. 'जिता क्योएइ', म्हणजे आपलं आणि समोरच्याचं भलं मिळूनच होतं, हे पुढे त्यांनी ज्युदोचं तत्त्व म्हणून मांडलं. ज्युदोत पाडणारा तो तोरी, पडणारा तो उके. आपल्याकडे उके म्हणजे डमी, असाच समज. वास्तविक नवख्यासमोर उके होणं हे जास्त कसबाचं काम. अंग पोत्यासारखं सोडलंत तर त्याला तोल कसा मोडतो ते कळतच नाही. हट्टाने पाय रोवलेत तरी तेच. आणि कोणता थ्रो येणार हे सरांनी आधीच सांगितलेलं असताना तो अडवून दाखवण्यात कसली आलीय मर्दुमकी?

कुस्तीच्या तालमीत थोरला पैलवान पोरांना अंगावर घेतो, मुद्दाम खाली जातो, डाव लागू देतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. आपल्याला मात्र ज्युनिअरने पाडलं की कुणी बघितलं का, हे आधी बघावंसं वाटतं.

मलाही वाटायचं. एसवायला होतो तेव्हाची गोष्ट. आदल्या संध्याकाळी एका मित्राने मला सगळ्यांसमोर स्वच्छ पाडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला कोपराच्या लॉकमध्ये धरलं. त्याने टॅप केलं. मला ते कळलं. खोटं कशाला बोलू, नक्की कळलं. तरी अर्धा सेकंद जास्त धरून ठेवलं. त्याचं कोपर सुजलं आणि सिलेक्शन हुकलं. तो काही बोलला नाही. पण पुढे 'पार्टनर घ्या' म्हटलं की त्याची नजर माझ्यावरून सरकून पुढच्याकडे जायची. मी सॉरी म्हणालो, तेही पार्किंगमध्ये, कुणी नसताना. चूक सगळ्यांसमोर केली होती, माफीही तिथेच मागायला हवी होती.

टॅप आला की सोडायचं. तेव्हा दुसरा विचारच नको. कारण त्या भरवशावरच समोरचा आपला हात, मान तुमच्या ताब्यात देत असतो. बाकीच्या गोष्टी त्यामानाने किरकोळ, पण रोज टोचतात त्या त्याच. नखं कापा. ड्रेस धुवा (पावसाळ्यात वाळत नाही हे मान्य, पण नाक समोरच्यालाही आहे). खांदा दुखत असेल तर सुरुवातीलाच सांगा, हरल्यावर नको. सीनिअर असाल तर दर दोन मिनिटांनी थांबवून लेक्चर देऊ नका. सर आहेत त्यासाठी. आणि आपली फाइट संपली की बॅग उचलून निघायचं, ही सवय तर फारच वाईट. शेवटच्या वजनगटातली मुलगी रिकाम्या हॉलमध्ये खेळते तेव्हा बाजूने हाक मारायला निदान दोन आवाज हवेत.

यात कोचचाही वाटा आहेच. रोज जोड्या मुलांवरच सोडल्या तर कोपऱ्यातली कोपऱ्यातच राहणार. आठवड्यातून दोन दिवस तरी सरांनी स्वत: जोड्या लावाव्यात.

ते होईल तेव्हा होईल. उद्या संध्याकाळी हाक आली की तुम्ही त्या बेल्टवालीकडे चालत जा. नाव विचारा. कुठे दुखतंय का विचारा. आणि पहिले दहा थ्रो तिला मारू द्या.