काळजाची रांग सरळ हवी



गेल्या रविवारी आमच्या चाळीतील एक मावशी म्हणाल्या, “भाऊ, मेल्यावर यकृत द्यायला माझी ना नाही. पण गरिबाचं घेणार आणि शेठला देणार असतील तर आपण का द्यावं?” प्रश्न रास्त आहे. रेशनच्या रांगेत वशिल्याचा माणूस पुढे घुसतो, हे आपण पाहिलेले आहे.

यकृत म्हणजे आपले काळीज. मूत्रपिंड गेले तर डायलिसिसवर दिवस काढता येतात. यकृताला तशी सोय नाही. म्हणून रांग कशी लावली, यावर जीव ठरतो.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. तेथे 2002 पासून रक्ततपासणीवरून रुग्णाला 6 ते 40 गुण देतात. गुण जास्त तो जास्त आजारी, त्याचा नंबर आधी. पण यकृत प्रथम त्याच भागात वाटले जाई. त्यामुळे एका भागात कमी आजारी माणसाला ते मिळे आणि शेजारी मरणाच्या दारातला वाट पाहत राही. पैसेवाला मात्र दुसऱ्या भागातही नाव नोंदवू शके, आणि ते कायदेशीर होते. कॅलिफोर्नियात राहणारे स्टीव्ह जॉब्ज यांना 2009 साली यकृत मिळाले ते दूर मेम्फिसला.

2020 च्या फेब्रुवारीत या सीमा काढल्या. आता दात्याच्या रुग्णालयापासून 150, 250 व 500 सागरी मैलांची वर्तुळे धरून अति आजारी रुग्णाचा विचार आधी होतो. ‘आमच्याकडचे यकृत बाहेर जाईल’ म्हणून काही रुग्णालये कोर्टातही गेली होती.

आपल्याकडे 1994 च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. 2023 साली केंद्राने नोंदणीसाठी अधिवासाची अट, 65 वर्षांची मर्यादा आणि फी नको, असे राज्यांना कळविले. हे चांगलेच झाले. पण शस्त्रक्रियेचा खर्च लाखांत आहे. ज्याला तो झेपत नाही, तो रांगेत उभाच राहू शकत नाही. रांग सरळ करून भागत नाही. तिच्यात उभे राहण्याची ऐपतही सरकारने द्यायला हवी. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया व्हावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तेव्हा मावशी, देणे थांबवून न्याय मिळणार नाही. दान करायचे असेल तर घरात आजच सांगून ठेवा, कारण वेळ आली की संमती घरच्यांनाच विचारतात. आणि दिल्यावर हिशेबही मागा. देणाऱ्याला तो हक्क आहे.