शोधित विष आणि दुर्बल विषाणू

राजाच्या अन्नाची परीक्षा कशी करावी, हे सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सांगितले आहे. विषयुक्त अन्नाने माश्या व कावळे मरतात, चकोराचे नेत्र विवर्ण होतात, कोकिळेचा स्वर बिघडतो. म्हणून पशुपक्षी राजगृहाजवळ पाळावेत, असा उपदेश आहे. मनुष्याच्या मुखी जाण्यापूर्वी द्रव्याचा परिणाम प्राण्यावर पाहावा, ही कल्पना आपल्या शास्त्राला परकी नाही. तरीही लसींच्या प्राणिपरीक्षांचा विषय निघाला की आपल्या वर्तुळात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष त्या सर्वस्वी त्याज्य मानतो. दुसरा म्हणतो, दुर्बल केलेला विषाणू म्हणजे आमचे विषशोधनच, त्यात नवे ते काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या अगदी जवळच्या उदाहरणावरून शोधता येते. २०१९ साली भारतात आलेल्या लम्पी त्वचारोगाने २०२२ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातील गोधनाला ग्रासले. ज्वर, अंगभर गाठी, दुधाची घट आणि अनेक जनावरांचा मृत्यू असे त्याचे स्वरूप होते. भाईंदरच्या खारीगावातील वैद्याच्या हाती येणारे गोघृत, गोदुग्ध वा गोमूत्रदेखील कोणत्या तरी गोठ्यातूनच येते. तेव्हा हा विषय केवळ पशुवैद्यांचा नव्हे. त्या वर्षी आपल्याकडे गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. तीही जिवंत, परंतु दुर्बल विषाणूचीच. दोन्ही विषाणू एकाच कुळातील असल्याने तिचा उपयोग झाला. दरम्यान हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने, भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेच्या सहकार्याने, रांची येथील रोगी गाईंतून मिळविलेला लम्पीचा विषाणू पेशींमध्ये पुनःपुन्हा, सुमारे पन्नास वेळा वाढवून दुर्बल केला. ही 'लम्पी-प्रोव्हॅक-इंड' लस १० ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाली.

आता शोधनाशी तुलना करून पाहू. वत्सनाभ गोमूत्रात भिजवून उन्हात ठेवला, अथवा दोलायंत्रात दुधात स्वेदित केला, की त्यातील ॲकोनिटिनचे विघटन होऊन विषाची तीव्रता उतरते. उतरलेले विष पोटात गेल्यावर पुन्हा वत्सनाभ होत नाही. विषाणूचे तसे नाही. तो शरीरात वाढतो, वाढताना बदलतो, आणि क्वचित गमावलेले बळ परत मिळवितो. म्हणूनच त्याची परीक्षा अनेक पायऱ्यांनी होते. टोचलेल्या वासरास ज्वर वा गाठ येते का? विषाणू लाळेतून, दुधातून बाहेर पडतो का? एका जनावरातून दुसऱ्यात सलग नेल्यास तो उग्र होतो का? आणि अखेरीस, लस दिलेल्या व न दिलेल्या वासरांना मूळ उग्र विषाणू दिल्यास कोण तगते? या न दिलेल्या वासरांमुळेच निष्कर्षाला अर्थ येतो. शोधनाच्या उपमेत ही वासरे कोठेच बसत नाहीत.

प्राणिपरीक्षेलाही मर्यादा आहेत. तोंडावाटे द्यावयाच्या पोलिओ लसीची माकडांच्या मज्जासंस्थेत टोचून तपासणी होत असे. ती उत्तीर्ण झालेला विषाणूही बालकांच्या आतड्यात वाढताना क्वचित मारक होतो, हे पुढे दिसून आले. दुसऱ्या प्रकारचा वन्य विषाणू जगातून नाहीसा झाल्यावर त्या प्रकारचा अंश एप्रिल २०१६ मध्ये आपल्याकडील लसीतून वगळण्यात आला. लम्पीच्या बाबतीत मात्र परीक्षा गाईच्याच वंशावर होते, हा मोठा लाभ. त्या वासरांचे दुःख नाकारण्याचे कारण नाही. ते टाळावयाचे, तर न तपासलेली लस लाखो गाईंना टोचावी लागेल, आणि मग तो प्रयोग देशभरच्या गोठ्यांत, कोणतीही नोंद न होता घडेल.

औषधालयांच्या मालकांना यातून एक निवेदन करावेसे वाटते. लम्पीच्या व्रणांवर कडुलिंब, हळद, लसूण, खोबरेल यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही सुचविला आहे. व्रणोपचार म्हणून तो अवश्य द्यावा. परंतु त्याच डब्यावर 'लम्पी-प्रतिबंधक' वा 'लसीस पर्याय' असे छापणे सर्वथा अयोग्य होय. शास्त्रोक्त औषधास ग्रंथाधार पुरतो, अशी मुभा २०१० पासूनच्या नियम १५८-ब ने दिली आहे. ती ग्रंथात सांगितलेल्या उपयोगापुरतीच आहे. ग्रंथात नसलेल्या रोगाच्या प्रतिबंधासाठी तिचा आधार घेता येणार नाही. असा डबा पाहून एखाद्या शेतकऱ्याने लस टाळली आणि गाय दगावली, तर तो दोष आपल्याच शास्त्राच्या माथी येईल.

संघटनेने येत्या वर्षी एवढे तरी करावे. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या साह्याने काही रोगी जनावरांना नेहमीच्या उपचारांसह लेप लावावा, तितक्याच जनावरांवर लेपाविना तेच उपचार करावेत, आणि व्रण भरण्याचे दिवस मोजावेत. निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो याच त्रैमासिकात प्रसिद्ध व्हावा. चकोराचे डोळे पाहून अन्न पारखणाऱ्या परंपरेला आपल्या लेपाची पारख करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.