कर्दळीला कारखान्याचे पाणी नको

रबाळ्याच्या बाजूचे नाले पारसिकच्या डोंगराकडून येतात आणि एमआयडीसी व वस्ती ओलांडून ठाणे खाडीला मिळतात. २०१५ पासून या खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जाही मिळाला. अशा ठिकाणी ‘नाल्याकाठी झाडे लावा, पाणी आपोआप शुद्ध होईल’ हा सल्ला गोड वाटतो. पण तो अर्धाच खरा आहे.

आधी खरा भाग. कर्दळ, पाणकणीस यांसारखी झाडे खडी-वाळूच्या थरात लावतात आणि सांडपाणी त्या थरातून सावकाश वाहू देतात. घाण खाण्याचे मुख्य काम झाडे करत नाहीत. ते खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू करतात. मुळे त्यांना आधार व थोडा प्राणवायू देतात, काही नत्र आणि स्फुरद झाडे शोषतात. पाणी पृष्ठभागाखालून वाहत असल्याने डासही होत नाहीत. जर्मनीत कॅथे झायडेल यांनी १९५० च्या दशकातच असे प्रयोग सुरू केले होते. आपल्याकडे नागपूरच्या ‘नीरी’ने ‘फायटोरिड’ आणि मुंबईच्या आयआयटीने मातीवर आधारित ‘सॉइल बायोटेक्नॉलॉजी’ विकसित केली. दोन्हींना वीज कमी लागते.

पण हे सारे मैलापाण्यासाठी, स्वयंपाकघर-न्हाणीघराच्या पाण्यासाठी. शिसे, क्रोमियम यांसारखे धातू जिवाणूंना संपवता येत नाहीत. ते माती आणि मुळांत साठत जातात. मग कापलेली झाडेच घातक कचरा ठरतात. तीव्र रसायने तर जिवाणूंनाच मारतात. अशा नाल्यावरची हिरवळ म्हणजे केवळ डोळ्यांचे समाधान.

म्हणून पहिली मागणी झाडांची नको, दोन पाणी वेगळी ठेवण्याची हवी. रसायनांचे पाणी कारखान्यात आणि सामाईक प्रक्रिया केंद्रातच शुद्ध व्हावे. सोसायट्या, शाळा, कारखान्यांची कॅन्टीन आणि स्वच्छतागृहे यांचे पाणी मात्र खुशाल कर्दळीकडे द्यावे. त्यासाठी माणशी साधारण एक-दोन चौरस मीटर जागा, आधी गाळ बसवणारी टाकी आणि नियमित छाटणी लागते. बाहेर पडणारे पाणी प्रयोगशाळेत तपासून बागेला, फ्लशला वापरावे, पिण्यासाठी नव्हे.

उद्घाटनाला रोपे मोजली जातात. वर्षभराने पाण्याचा तपासणी अहवाल कोणी मागतो का, हे आपण विचारले पाहिजे.