व्यंकटराव कुठे गेले?



‘१८५७ च्या धामधुमीत चांदा शांत होता’ हे गेल्या रविवारच्या लेखातले विधान साफ चुकीचे आहे. इथे उठाव उशिरा झाला, पण झाला. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके १८५८ मध्ये गोंड तरुणांची फौज घेऊन उतरले. एप्रिलअखेर प्राणहितेकाठी चिंचगुंडीच्या तळावर गार्टलंड आणि हॉल हे तारखात्याचे दोन इंग्रज मारले गेले. २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी झाली. त्यांचे स्मरण निदान जयंतीला तरी होते. पण त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढलेले अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव? ते बस्तरमध्ये गेले, १८६० मध्ये पकडले गेले. जन्मठेप झाली, जमीनदारीही गेली. कृपया पुढील अंकात दुरुस्ती छापावी, आणि तीत व्यंकटरावांचे नाव असावे.

— एक वाचक, आलापल्ली