'ली'ची लीला

मराठी शिकवणाऱ्या माणसाने इंग्रजी क्रियाविशेषणांची उठाठेव कशाला करावी, असे काही वाचक म्हणतील. पण शेजारघर पाहून आल्याशिवाय आपल्या घराची ठेवण नीट ध्यानात येत नाही, एवढेच माझे उत्तर.

आमच्या वर्गातला एक विद्यार्थी पहाटे चारला उठून घरोघर वर्तमानपत्रे टाकतो आणि सातच्या तासाला हजर असतो. नोकरीसाठी लिहिलेला अर्ज त्याने मला दाखवला. त्यात वाक्य होते, 'आय वर्क हार्डली.' त्याला सांगायचे होते, 'मी कष्टाने काम करतो'; वाक्य सांगत होते, 'मी काम असे करीतच नाही!' बिचाऱ्याच्या साऱ्या पहाटा एका अक्षराने पुसून टाकल्या होत्या. 'ली' खोडली आणि वाक्य खरे झाले.

दोष मुलाचा नव्हे, अर्धवट शिकवलेल्या नियमाचा. विशेषणाला 'ली' जोडली की क्रियाविशेषण तयार. 'स्लो'चे 'स्लोली', 'क्विक'चे 'क्विकली'. नियम खोटा नाही, अपुरा आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणापुढे नुसता 'ए' हा स्वर लावूनही क्रियाविशेषण करीत. पुढे तो स्वर उच्चारातून झडला आणि दोन्ही रूपे एकसारखी दिसू लागली. 'हार्ड', 'लेट', 'फास्ट' ही त्या जुन्या घराण्यातली मंडळी. 'ली'चे मूळ निराळे. देह किंवा आकार अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दात ते आहे. 'सारखा' या अर्थाचा 'लाइक' तिचाच भाऊबंद.

आता एकाच घरात दोन क्रियाविशेषणे नांदू लागली, तेव्हा भाषेने वाटणी करून दिली. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'नियर' म्हणजे जवळ, 'नियरली' म्हणजे जवळजवळ. 'हाय' म्हणजे उंच, 'हायली' म्हणजे अतिशय. पतंग 'हाय' उडतो. त्याची तारीफ मात्र 'हायली' होते.

'हार्डली'चा अर्थ पूर्वी 'कष्टाने' असाही होता. मग तो 'जेमतेम'वर कसा घसरला? उत्तर मराठीतच आहे. 'सभेला मुश्किलीने दहा माणसे असतील,' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या दहांना येताना अडचण आली असे थोडेच सुचवायचे असते? आपली 'मुश्किली' त्याच वाटेने गेली आहे.

'प्रेझेंटली'ची गंमत तर अस्सल मनुष्यस्वभावाची. पूर्वी तिचा अर्थ होता 'ताबडतोब'. पण ताबडतोब म्हणणारी माणसे ताबडतोब उठत नाहीत. म्हणून तो 'थोड्या वेळाने' असा झाला. अमेरिकेत तर 'सध्या' या अर्थीही ती सर्रास चालते.

आपण हसायचे कारण नाही. 'तो एवढ्यात येईल' म्हणजे लवकरच. 'तो एवढ्यात भेटला नाही' म्हणजे अलीकडे. आणि 'एवढ्यात निघालात?' म्हणजे इतक्या लवकर! मराठी शिकणाऱ्या परक्याने काय करावे? तेच, जे आपण इंग्रजीत करायला हवे. शब्दाची शेपटी पाहू नये, त्याची संगत पाहावी.

आणि फराळाला 'एवढ्यात येतो' असा निरोप आला, तर गृहिणींनी चहाचे आधण ठेवण्यापूर्वी निरोप धाडणाऱ्याचा स्वभावही पाहावा!