सुताराला ‘का’ कोण शिकवणार?

न्यूझीलंड हा लाकडी घरांचा देश. पिढ्यान्‌पिढ्या लाकडात घरे बांधणाऱ्या या देशात 1990 च्या दशकात उभी राहिलेली हजारो घरे भिंतींच्या आतून कुजली. 2009 मध्ये शासनासाठी केलेल्या पाहणीत अशा घरांची संख्या सुमारे 42 हजार आणि एकूण खर्च 11 अब्ज न्यूझीलंड डॉलरहून अधिक असेल, असा अंदाज मांडण्यात आला. आयुष्यभराची पुंजी घातलेल्या कुटुंबांच्या वाट्याला बुरशी आणि न्यायालयाच्या पायऱ्या आल्या.

हे घडले कसे? ‘कसे बांधावे’ हे सांगणारे नियम मागे पडून ‘काय साध्य व्हावे’ एवढेच सांगणारा कायदा 1991 मध्ये आला. उमेदवारीची जुनी पद्धत त्याच सुमारास खिळखिळी झाली. भूमध्य सागरी धाटणीच्या, वळचण नसलेल्या गुळगुळीत भिंतींची टूम निघाली. त्यातच सांगाड्यासाठी प्रक्रिया न केलेले पाइन लाकूड वापरण्याची मुभा मिळाली. खिडकीच्या कोपऱ्यातून शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच उरली नाही.

आराखडा करणारा वेगळा, तपासणारा वेगळा; पण खिडकीखालची पत्र्याची पट्टी कोणत्या थराच्या आत सरकवायची, हे त्या क्षणी एकटा सुतारच ठरवतो. त्याचा हात तयार होता, यात शंका नाही. परंतु तो हात रुंद वळचणीच्या आणि प्रक्रिया केलेल्या लाकडाच्या घरांवर तयार झाला होता. सामग्री बदलली आणि सवयीने दगा दिला.

‘सुताराला पुस्तकी ज्ञान कशाला?’ असे विचारणारे सर्वत्र असतात. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. लेखी परीक्षेने रंधा सरळ चालत नाही. तथापि न्यूझीलंडने किंमत मोजून धडा घेतला. 2004 चा नवा कायदा आला आणि मार्च 2012 पासून घराचा सांगाडा व जलरोधन यांसंबंधीचे काम परवानाधारकाने करावे किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावे, असे बंधन आले. पाणी परतवणे, आत आलेल्याचा निचरा, ओल सुकणे आणि लाकडाचा टिकाऊपणा ही चतुःसूत्री तेथे रुजली. आवरणामागे 20 मिलिमीटरची पोकळी ठेवायची ती याचसाठी. लाकडातील ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या आत राहिला, तर कुजवणाऱ्या बुरशीला थारा मिळत नाही. एवढे कळलेला सुतार पोकळीत मसाला पडू देणार नाही.

कोकणातही सामग्री बदलते आहे. जड कौलांच्या जागी हलके पत्रे येत आहेत. कौलारू छपराला त्याचे वजनच बरेचसे धरून ठेवी. पत्र्याखालचा वासा मात्र भिंतीला जखडावाच लागतो, कारण वादळी वारा छपराला नुसता ढकलत नाही, वर उचलतो. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीत असंख्य घरांची छपरे उघडी केली. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत लाकूड व बांबू यांवर स्वतंत्र विभाग आहे. तो किती सुतारांनी पाहिला असेल? खेड्यातल्या घराला अभियंता क्वचितच लाभतो. तेथे सुतार आणि गवंडी हेच अभियंते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील सुतारकामाचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. वादळात उखडलेला एखादा वासा खिळ्यांसकट वर्गात आणून ठेवला, तरी पहिला पाठ तेथूनच सुरू करता येईल.