कोरे पदक

पदक दिले जाते, अशी माझी समजूत होती. ते मागावे लागते, आणि मागूनही मिळाले नाही तर दुकानातून विकत आणावे लागते, हे ज्ञान मला चाळिशी उलटल्यावर झाले. आणि तेही कुठल्या ग्रंथातून नव्हे, तर माझ्याच वर्गातल्या एका पोराच्या तोंडून.

आमच्या शाळेत दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदनासाठी गावातल्या एका माजी हवालदारांना बोलावण्याचा रिवाज आहे. सारे गाव त्यांना आबा म्हणते. पंचाहत्तरी केव्हाच ओलांडली, पण पाठ अजून ताठ आहे. काळा कोट, डोक्याला फेटा आणि छातीवर पदकांची रांग. गेल्या वर्षी कार्यक्रम आटोपल्यावर पोरांनी त्यांना गराडा घातला, तेव्हा आबांनी पदके उतरवून त्यांच्या हातात दिली. पोरे ती उलटीसुलटी करून पाहू लागली. त्यातला एक पोरगा प्रत्येकावरची इंग्रजी अक्षरे बोट ठेवून लावत होता. मध्येच थांबून तो म्हणाला, "आबा, ह्या समद्यांवर तुमचा नंबर हाय, नाव हाय. ह्या एकावरच काय न्हाई. आसं का?"

आबांनी ते पदक त्याच्या हातून हळूच घेतले आणि खिशात टाकले. म्हणाले, "ते दुकानातलं हाय, बाळा."

मुलांना पुढे काय सांगावे हे मला सुचले नाही. संध्याकाळी मी आबांच्या घरी गेलो आणि त्या दिवसापासून त्यांचे अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्या अर्जांनी मला जे शिकवले ते आज चार लोकांत बोलून दाखवणार आहे. कोणाला कडू लागले तर लागो.

हकीकत अशी. १९७१ च्या डिसेंबरात युद्ध पेटले तेव्हा आबांची पलटण मागे होती. आबा गाडी चालवीत. ड्रायव्हर कमी पडले म्हणून त्यांना आणि आणखी काहींना दुसऱ्या एका युनिटाला तात्पुरते जोडून पूर्व आघाडीवर धाडण्यात आले. पूर्वेला काय झाले हे शाळेच्या पुस्तकातही आहे. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झाले, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि ९३ हजार माणसे कैद झाली. आबा त्या तेरा दिवसांत दारूगोळा घेऊन नद्या ओलांडत होते. परतीच्या खेपेला गाडीत जखमी असत. युद्ध संपल्यावर ते आपल्या पलटणीत परत आले.

त्या युद्धासाठी सरकारने पदके काढली. पूर्व आघाडीवर लढलेल्यांना 'पूर्वी स्टार', पश्चिमेकडच्यांना 'पश्चिमी स्टार', आणि त्या काळात सेवेत असलेल्यांना 'संग्राम मेडल'. आबांच्या पलटणीला संग्राम मेडल मिळाले, तसे आबांनाही मिळाले. पूर्वी स्टार मात्र मिळाला नाही, कारण पलटण पूर्वेला गेलीच नव्हती. गेले होते ते आबा.

फौजेच्या दप्तराची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शिपायाच्या आयुष्यात जे जे घडते — बदली, बढती, लग्न, मूल, जखम, पदक — ते युनिटच्या 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये प्रसिद्ध होते. तो कागद रेकॉर्ड ऑफिसात जातो आणि तिथे शिपायाच्या सेवापत्रकात नोंद होते. नोंद झाली तर गोष्ट घडली. नोंद झाली नाही तर ती घडलीच नाही. आबांना ज्या युनिटाला जोडले होते त्याने त्यांच्या नावाचा कागद धाडला नाही, किंवा धाडला तो वाटेत कुठे पडला. सेवानिवृत्तीच्या वेळी हातात आलेल्या डिस्चार्ज बुकात पदकांच्या रकान्यात त्यामुळे एक ओळ कमी भरली. त्या वेळी आबांनी ती पाहिली नाही. घरी परतायच्या आनंदात रकाने कोण वाचतो?

पुढे एका मेळाव्यात जुने सोबती भेटले, त्यांच्या छातीवर तो तारा दिसला, आणि आबांना कळले की आपलाही तो हक्क आहे. त्यांनी अर्ज केला. उत्तर आले की नोंद आढळत नाही. दुसरा अर्ज केला. उत्तर आले की पुरावा जोडावा. आबांनी पुरावा शोधला. आईने ट्रंकेत जपून ठेवलेले त्या डिसेंबरातले त्यांचे एक पत्र निघाले, त्यावर पत्ता ९९ ए.पी.ओ.चा. फौजी घरातल्या बायकांनाही ठाऊक असते की ५६ म्हणजे पश्चिमेकडचे टपाल आणि ९९ म्हणजे पूर्वेकडचे. पत्राची नक्कल जोडली. उत्तर आले की खाजगी पत्र पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. सोबत सेवा केलेल्या अधिकाऱ्याचा दाखला सादर करावा. तो अधिकारी देवाघरी गेला, त्यालाही कित्येक वर्षे झाली. तेव्हा आबांनी कँटोनमेंटच्या बाजारातून एक तारा विकत घेतला आणि कोटावर लावला. माझ्या शाळेतल्या पोराने नेमका तोच उलटा करून पाहिला.

आता मला जे म्हणायचे आहे ते म्हणतो. शिपायाने केलेल्या सेवेची नोंद ठेवणे हे सरकारचे काम आहे, शिपायाचे नव्हे. ते काम चुकले तर ती चूक शोधून दुरुस्त करण्याचे ओझेही सरकारनेच उचलले पाहिजे. आज नेमके उलटे चालले आहे. हिशेब ठेवणाऱ्याने पान गहाळ केले आणि पुरावा आणायला सांगतो आहे देणेकऱ्याला नव्हे, घेणेकऱ्याला! गावातल्या वाण्याने असे केले असते तर पंचांनी त्याला चावडीवर उभे केले असते.

यावर काही पोक्त मंडळी मला समजावतात. एक म्हणतात, खरा शिपाई पदकासाठी लढत नाही. बरोबर आहे, पण हे वाक्य शिपायाच्या तोंडी शोभते, देणाऱ्याच्या तोंडी नाही. आईने मुलासाठी उपास काढला म्हणून मुलाने तिला जेवायला वाढू नये, असा त्याचा अर्थ होत नाही. दुसरे म्हणतात, त्या ताऱ्यावर एक पैसाही मिळत नाही, मग एवढा आटापिटा कशाला? मी म्हणतो, पैसा मिळत नाही म्हणूनच. पैशाचा दावा असता तर वकील उभे राहिले असते. मानाचा दावा करणारा म्हातारा एकटाच असतो, आणि म्हणून त्याला परत पाठवणे सोपे जाते. तिसरे म्हणतात, पुरावा मागितला नाही तर खोटे लोक पदके लाटतील. ही शंका खरी आहे, तिला मी हसणार नाही. खोट्याला पदक मिळणे हा खऱ्याचाच अपमान. पण पुरावा पाहिजे असेल तर तो शोधावा कोणी? पगाराचे हिशेब, गाड्यांची नोंदवही, इस्पितळाचे कागद, जोडलेल्या युनिटाचे दप्तर, यांतले एकही कपाट आबांना उघडता येत नाही. किल्ल्या ज्याच्या कमरेला आहेत त्यानेच 'पुरावा आण' म्हणावे, याला तपासणी म्हणत नाहीत, टाळाटाळ म्हणतात.

पदक हे शौर्याचे माप आहे असे आपण मानतो. कित्येकदा ते कागदाच्या चालीचे माप असते. १९४५ च्या एप्रिलातली इटली पाहा. ९ एप्रिलला सेनिओ नदीच्या काठी मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी भडिमारातून जखमी सोबत्यांना पाण्यापार नेले आणि शत्रूची ठाणी एकट्याने गप्प केली. नगर जिल्ह्यातल्या या शिपायाला त्याच वर्षी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या चारच दिवस आधी, त्याच इटलीत, व्हिआरेज्जोजवळ व्हर्नन बेकर नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्यानेही शत्रूची ठाणी अशीच मोडून काढली. बेकर काळा होता. त्याला खालच्या दर्जाचे पदक देऊन वाटेला लावले. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या एकाही काळ्या शिपायाला अमेरिकेचे सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, तेव्हा मिळाले नाही. ते सात जणांना मिळाले १९९७ च्या जानेवारीत, आणि त्या दिवशी सातांपैकी एकटा बेकर हयात होता. बावन्न वर्षे! शौर्य तेच, महिना तोच, देशही तोच.

हे उदाहरण अमेरिकेची लाज म्हणून सांगत नाही. ती तर आहेच. ते सांगतो दुसऱ्या कारणासाठी. १९९३ मध्ये तिथल्या लष्कराने स्वतः होऊन एका विद्यापीठाला काम दिले की या माणसांना पदक का मिळाले नाही, ते जुनी दप्तरे उपसून सांगा. उशिरा का होईना, शोधायला निघाले ते सरकार.

त्याच देशाची आणखी एक गोष्ट ऐका. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसजवळच्या लष्करी दप्तरखान्याला आग लागली. शिपायांच्या १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या, आणि त्यांच्या नकला कुठेच नव्हत्या. त्या कचेरीला 'नोंद आढळत नाही' असे म्हणण्याचा जगात सर्वांत मोठा अधिकार होता. पण तिथले कारकून पगाराची बिले, पलटणींचे रोजचे हजेरीचे अहवाल, इस्पितळांचे कागद जमवून माणसामागून माणसाची सेवा पुन्हा उभी करीत आले. तिथे १९४६ च्या कायद्याने एक मंडळही आहे. बिनलष्करी माणसांचे हे मंडळ सैनिकाच्या नोंदीत दुरुस्ती करू शकते, आणि कशासाठी, तर चूक सुधारण्यासाठी किंवा अन्याय दूर करण्यासाठी. ते दोन शब्द शेजारी शेजारी ठेवणाऱ्या कायदेपंडिताला माझा नमस्कार आहे. चूक वेगळी आणि अन्याय वेगळा, हे त्याला कळले होते. आबांचा कागद वाटेत पडला ती चूक. तो पडला हे कळल्यावरही आबांनाच हेलपाटे घालायला लावणे, हा अन्याय.

तिथेही अर्ज करावा लागतो, तिथेही नकार मिळतात, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडेही २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आले, मुंबईत त्याचे खंडपीठ आहे, हेही ठाऊक आहे. पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने पितळेच्या एका ताऱ्यासाठी वकील करून मुंबई गाठायची, हा उपाय झाला की शिक्षा?

आणि ज्यांची नोंद चोख आहे त्यांचे तरी काय? २०१७ च्या अखेरीस खुद्द संरक्षण मंत्रालयाने साचलेली तूट भरून काढण्यासाठी १७ लाख २७ हजार सेवापदकांचे कंत्राट दिले. सतरा लाख! तोवर नोकरीतले जवान संचलनाला उभे राहायचे म्हणून बाजारातली पदके विकत घेऊन छातीवर लावत होते. म्हणजे आबांचे कोरे पदक हे काही एका गावाचे दुर्दैव नव्हे.

सरकारवर सारे ढकलून मी मोकळा होणार नाही. आपणही त्यांना वर्षातून दोनदा बोलावतो, झेंड्याची दोरी हातात देतो, भाषणे करतो, चहा पाजतो आणि घरी पाठवतो. इतक्या वर्षांत त्यांचे डिस्चार्ज बुक एकदा तरी उघडून वाचावे असे मला, अक्षरओळख शिकवून पोट भरणाऱ्या मास्तराला, सुचले नाही. मी कादंबऱ्या लिहितो. नसलेल्या माणसांना असल्यासारखे उभे करणे हा माझा धंदा. असलेल्या माणसाला नसल्यासारखे करून टाकण्यास एक गाळलेली ओळ पुरते, हे मला माहीत असायला हवे होते.

माझे मागणे फार मोठे नाही. ज्यांना युद्धात दुसऱ्या युनिटांना जोडले होते, जे जखमी होऊन इस्पितळात होते, त्यांच्या नोंदी दोन्हीकडच्या दप्तरांशी सरकारने आपणहून ताडून पाहाव्यात. १९७१ चे शिपाई आज सत्तरीच्या पलीकडे आहेत. हे काम पुढच्या पंचवार्षिकावर टाकण्याजोगे नाही. दाव्यात शंका असेल तर नकार देण्यापूर्वी कचेरीने काय काय शोधले ते उत्तरात लिहावे. शिपाई गेला असेल तर त्याच्या बायकोला ते पदक सन्मानाने द्यावे. आणि ते टपालाच्या पाकिटात घालून धाडू नये. गावात, चार माणसांसमोर, हातात द्यावे.

यंदाच्या पंधरा ऑगस्टला आबा आले तेव्हा दुकानातला तारा कोटावर नव्हता. त्याच्या जागी त्यांनी दुसरे काही लावले नव्हते. मी विचारले तेव्हा म्हणाले, "ऱ्हाऊ दे मास्तर. पोरं वाचत्यात."

त्यांचा चौथा अर्ज मी परवाच टपालात टाकला. अर्जाच्या खाली 'आपला नम्र' असे लिहावे लागते, म्हणून लिहिले. या लेखाच्या खाली ते शब्द मी लिहिणार नाही.